रिशेलची जागा

मी एक जुना संडास आहे.

हसा, हसून घ्या एकदाचे. मला सवय आहे. मित्रांनो, तुम्ही रोज शाळा सुटली की या मैदानावर येता, दोघं-तिघं मिळून मला ओढत मधोमध आणता आणि माझा स्टंप करता. बॉल माझ्या पोटावर आपटला की 'टण्ण' वाजतं, मग आउट की नॉट आउट यावर कोणी भांडत नाही. मला फार आवडतं ते. पण आज तुमचा बॉल गटारात गेलाय आणि तो काढून, नळावर धुऊन, वाळवून आणेपर्यंत वेळ आहे. तर बसा ना जरा. मला कधीपासून सांगायचंय.

नाक नका धरू! मी जुना आहे, पण वापरलेला नाही. खरंच. सात वर्षं झाली मला, आणि या सात वर्षांत एकदासुद्धा, अगदी एकदासुद्धा कोणी माझा उपयोग केला नाही. म्हणजे मी जुना पण आहे आणि कोरा पण आहे. असं कसं काय? तेच तर सांगतोय.

माझा जन्म गुजरातकडचा. पांढरी माती कालवून साच्यात ओतली, वाळवली, वरून चकाकी लावली आणि भट्टीत घातलं. बाहेर आलो तर असा गुळगुळीत, असा पांढरा, की मलाच माझं कौतुक वाटलं. मग पेंढ्यात गुंडाळून ट्रकमध्ये, आणि ट्रकमधून थेट उल्हासनगर, कॅम्पातल्या एका दुकानात. दुकानाचा सेठ मला रोज फडक्याने पुसायचा. गिऱ्हाईक आलं की माझ्यावर टिचकी मारायचा आणि म्हणायचा, "आवाज सुनो साहब, जैसे मंदिर की घंटी!" पोटावर माझ्या एक सोनेरी गोल स्टिकर होता. मी मनात म्हणायचो, आता मी कोणाच्या तरी घरी जाणार. म्हाताऱ्या माणसांना, पाय मोडलेल्यांना, पोटुशा बायकांना खाली उकिडवं बसता येत नाही, त्यांच्यासाठीच तर आम्ही असतो. सेठच सांगायचा तसं. मला एवढी घाई झाली होती ना कामाला लागायची!

एक दिवस हिरामण आला. अंबरनाथचा, मशीनच्या कंपनीत कामाला, शर्टाच्या खिशात मोजायची टेप. त्याने मला इकडून बघितलं, तिकडून बघितलं, आणि विचारलं, "सेठ, चांगला दिसतो ना?"

"दिसतो?" सेठ म्हणाला. "अरे भाऊ, ड्रॉइंगरूममध्ये ठेव, पाव्हणे सोफा सोडून याच्यावर बसतील!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, मित्रांनो. चांगला चालतो ना, असं त्याने विचारलंच नाही. दिसतो ना, एवढंच विचारलं.

टेम्पोच्या मागे उभा राहून मी अंबरनाथला आलो. काय मजा आली सांगू! रस्त्याकडेला खाटांवर पापड वाळत घातलेले, दुकानांबाहेर टांगलेल्या पँटी वाऱ्यावर पाय हलवतायत, विठ्ठलवाडीला एसटी उभ्या. सगळे माझ्याकडे बघत होते. माझी जणू वरातच निघाली होती.

घर हिरामणच्या वडलांनी बांधलेलं. बैठं, वर पत्रे, दोन खोल्या एकामागे एक. बाजूला पडवी. मागे अंगण आणि अंगणाच्या टोकाला जुना संडास. तो खाली उकिडवं बसायचा प्रकार. त्याची मैल्याची टाकी जमिनीच्या वर आलेली, म्हणून त्याला तीन पायऱ्या चढून जावं लागायचं. पायऱ्यांना कठडा नाही. या तीन पायऱ्या लक्षात ठेवा हां.

टेम्पोतून मला उतरवलं तशी एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. ही बनूबाई, हिरामणची आई. हिरामण सोडून सगळी आळी तिला आत्या म्हणायची, तिची सून उमासुद्धा. बनूबाईने वाकून माझ्याकडे बघितलं, झाकण वर केलं, खाली केलं.

"आगं बया," ती म्हणाली, "ही तर खुर्ची हाय!"

"खुर्चीच आहे, आत्या," धोंडिबा म्हणाला. धोंडिबा म्हणजे आळीतला गवंडी, मला बसवायला आलेला. "यावर आरामात बसून सगळं करायचं. गुडघ्याला काय म्हणून तरास न्हाई."

बनूबाईचा चेहरा असा फुलला ना! तिचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते, वाकले की कडाकडा वाजायचे. तिने मला हात लावला. तिचा हात एकदम खरखरीत, आणि गरम. "माज्यासाठी आनलं व्हय रं, हिरामण?"

हिरामण टेपने भिंत मोजत होता. मोजतामोजता म्हणाला, "नाही आई. रिसेलसाठी आहे."

"कोन रिशेल?"

उमाला हसू फुटलं. धोंडिबा पण हसला. "येईल, येईल," हिरामण म्हणाला, "आला की कळेल." आणि परत मोजायला लागला.

आता तुम्हाला माहीत असेल, रिसेल म्हणजे घर पुढे कोणाला तरी विकणं. मला तेव्हा कुठे माहीत? मी कालचा आलेला. बनूबाईला पण माहीत नव्हतं. आम्ही दोघांनी आपलं ठरवून टाकलं की रिशेल म्हणून कोणीतरी मोठा माणूस या घरी यायचाय, आणि मी त्याच्यासाठी आहे.

खरी गोष्ट अशी होती. हिरामणला ते घर विकून बदलापूरला फ्लॅट घ्यायचा होता. घरं विकून देणारा दलाल होता शंकरराव, गालात कायम पान. तो हिरामणला म्हणाला होता, "हिरामणभाऊ, जुन्या घराला आजकाल कोण विचारतो? आत एक नवीन बाथरूम काढा, इंग्लिश पॉट लावा. एक संडास म्हणजे चाळ. दोन संडास म्हणजे बंगला!" ते हिरामणच्या डोक्यात बसलं. झोपेत पण तो म्हणे बंगला-बंगला करायचा, असं उमा सांगायची.

पण जागा कुठे काढणार? पडवीच्या टोकाला बनूबाईची बाज होती. नवरा असल्यापासून ती तिथेच झोपायची, तिथेच बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायची. लोक रस्त्यावरून "जयभीम, आत्या!" म्हणत जायचे आणि ती प्रत्येकाला थांबवून काहीतरी विचारायची. तीच जागा घेतली. बाज गेली आत, स्वयंपाकघरात, स्टोव्हच्या बाजूला. उमाला वाईट वाटलं. ती म्हणाली, "आत्या, तुम्हाला तिकडं धुराचा त्रास होईल."

"होऊं दे," बनूबाई म्हणाली. "एवढ्या लांबून यायचा तो रिशेल. त्याला जागा नको का?"

मला बसवलं. चार भिंती झाल्या, कमरेपर्यंत पांढऱ्या टाइल्स, डोक्यावर फ्लशची टाकी, तिला साखळी. समोर नळ, कॅम्पातल्या कारखान्यातला, पण नाव असं की वाटावं लंडनहून आलाय. वर एक जाळीची खिडकी, अंगणाकडे उघडणारी. मी तयार! मी म्हटलं, आता उद्यापासून सुरू.

दुसऱ्या दिवशी हिरामणने दाराला कुलूप लावलं.

आणि नियम केले. आत कोणी जायचं नाही. मला कोणी वापरायचं नाही. आणि पाणी, पाणी तर अजिबात टाकायचं नाही. "डाग पडतो पाण्याने," तो उमाला म्हणाला. दर रविवारी तो स्वतः यायचा आणि कोरड्या फडक्याने मला पुसायचा, सेठपेक्षा पण जास्त प्रेमाने. स्टिकरच्या कडा निघायला लागल्या तर त्याने डिंक लावून चिकटवला. मित्रांनो, मी संडास. पाण्याने डाग पडतो म्हणे! पण मला काय कळतंय, मी फुशारलो. मला वाटलं, मी किती नाजूक, किती भारी!

मग उमाने चावी मागून घेतली, कारण घरात जागा नव्हती. ती घरी जीन्सची धागा-कटिंग करायची. कॅम्पातून शिवलेल्या पँटींचे गठ्ठे यायचे, त्यांचे लोंबणारे धागे कापून परत द्यायचे. ते गठ्ठे माझ्या खोलीत राहायला आले. मी निळ्या पँटींच्या डोंगरात उभा. आता मी तसा कपाटच झालो होतो, पण म्हटलं ठीक आहे, रिशेल येईपर्यंत.

आणि रोज सकाळी मला आवाज यायचा. आधी काठीचा, ठक ठक, अंगणातून. मग पाण्याच्या डब्याची कडी वाजायची. मग पहिली पायरी. मग थांबणं. मला श्वास ऐकू यायचा. मग दुसरी. मग परत थांबणं, भिंतीला हात घासल्याचा आवाज. मग तिसरी, आणि एक लांब "आई गं." आत बसायचं आणि परत उठायचं, त्याचे आवाज तर वेगळेच. येताना ती माझ्या जाळीखाली थांबायची दम खायला.

"काय रं खुर्ची," ती म्हणायची, "आला न्हाय का अजून तुजा रिशेल?"

मी काय बोलणार! नाही आला.

एकदा ती म्हणाली, "त्याचे बी गुडघे दुखत असतील बग. मरनाचे दुखत असतील. त्याबिगर एवढं कोन कुनासाठी करतं?"

मी म्हटलं, खरंच, असणारच. मला त्या रिशेलची दया यायला लागली.

तिने हिरामणला विचारलं नाही असं नाही. एकदा जेवताना विचारलं, मला भिंतीतून ऐकू आलं. "हिरामण, रिशेल येस्तवर मी बसले तिथं तर चालंल का? तो आला की उठंन मी."

"आई, अगं कोरा आहे म्हणून त्याला भाव आहे," हिरामण म्हणाला. "एकदा वापरला की सेकंडहँड. दोन महिने कळ काढ. बदलापूरला तुला अस्साच घेऊन देतो."

दोन महिने. त्याचे किती झाले विचारू नका. दोन दिवाळ्या गेल्या. माणसं बघायला यायची, शंकरराव कुलूप उघडायला लावायचा, उमा गठ्ठे घाईघाईने उचलून स्वयंपाकघरात बनूबाईच्या बाजेवर टाकायची, आणि बनूबाई त्या पँटींमागे दिसेनाशी व्हायची. "बघा, बघा!" शंकरराव म्हणायचा. कोणी म्हणालं छान आहे, पण स्वयंपाकघराची आणि संडासाची भिंत एक, अशुभ. कोणी म्हणालं छान आहे, पण वर पत्रे. एक मास्तर आले होते, ते मला बघून म्हणाले, "वा! आमच्या हेडमास्तरांकडे पण असा नाही," आणि परत आलेच नाहीत. पण छान सगळे म्हणायचे हां. आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? मी वाट बघायचो त्या 'छान'ची.

आता तो दिवस सांगतो. सांगायचा नव्हता, पण सांगतो.

हिरामणची दिवसपाळी. उमा गठ्ठा ठेवायला आत आली, तिच्या मागे काठी वाजली. बनूबाई दारात उभी. "उमे," ती म्हणाली, "आज माजा पायच उचलत न्हाय गं. त्या पायऱ्या आज न्हाय व्हायच्या माज्यानं."

उमाने रस्त्याकडे बघितलं. मग आत बघितलं. मग झटकन माझ्यावरचा गठ्ठा काढला. "बसा," म्हणाली. "आधी झाकणावर जरा टेका. दम खा. पण ह्यांना बोलू नका."

आणि बनूबाई माझ्यावर बसली.

मित्रांनो! दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर पँटी सोडून माणूस बसलं. वजन कसलं, काहीच नव्हतं हो तिचं, एका गठ्ठ्याएवढी पण नव्हती. पण गरम होती. जिवंत होती. तिने पाय लांब केले, गुडघ्यांवर हात ठेवले आणि डोळे मिटले. "आगं बया," ती म्हणाली. "ह्ये असं असतंय व्हय?"

उमाने हातातला गठ्ठा भिंतीला लावला.

"उमे. झाकन उघडू का गं?"

उमाने परत एकदा रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाली, "उघडा. काय व्हायचं ते होऊ दे. मी देईन धुऊन." आणि कोपऱ्यातली बादली उचलली तिने.

बनूबाई उठली, काठीवर भार टाकून वळली, झाकणाला हात घातला. आमच्या पोटात पाणी असतं ना, माझ्यात ते पण नव्हतं, पण मला वाटलं भरून आलं.

आणि पुढच्या दारातून आवाज आला, "वहिनी! अहो उमावहिनी! आहे का कोण? पार्टी आणलीय!"

शंकरराव.

"आत्या, उठा! उठा, उठा, उठा!" उमा घाबरीघुबरी झाली. बादली ठेवली, काठी दिली, दंडाला धरून बनूबाईला बाहेर काढलं. "मागनं जा. मागच्या दारानं. मी आलेच लगेच, पायरीपाशी थांबा, चढू नका!" आणि पदराने मला पुसत पुसत ओरडली, "या ना भाऊजी, या!"

डोंबिवलीचं जोडपं होतं. बाई आत आली, झाकण वर केलं. "अय्या! कोरा आहे हो!"

"कोरा म्हणजे?" शंकरराव म्हणाला. "हात लावून बघा. नवरीसारखा ठेवलाय."

आणि मी काय केलं माहितीये? मी चमकलो. वरच्या जाळीतून ऊन येत होतं आणि मी जेवढा चमकता येईल तेवढा चमकलो. कारण मला वाटलं, हाच रिशेल! हा पँटवाला, चष्मेवाला, हाच असणार. आला एकदाचा!

तेव्हा मला बाहेर पहिली पायरी ऐकू आली.

थांबायला वेळ नसेल तिला. मला लगेच दुसरी ऐकू आली.

तिसरी ऐकू आली नाही. धप्प झालं. आणि मग पाण्याचा डबा घरंगळत गेला, अंगणभर, खूप वेळ, मग कुठेतरी आपटून थांबला.

"काय झालं हो?" बाई म्हणाली.

"मांजर असेल," शंकरराव म्हणाला. "मागे फार मांजरं झालीत. तर बघा, ही टाइल..."

उमा धावत गेली होती.

बनूबाईच्या खुब्याचं हाड मोडलं. मग बाजेवरच सगळं. भांडं लावायचं, उमा लावायची, उमाच काढायची. जाळीखाली आता कोणी थांबायचं नाही. तो डबा किती दिवस अंगणात तसाच पडला होता, कोणी उचलला नाही.

त्या रविवारी हिरामण माझ्याकडे आला. फडकं हातात. पण पुसलं नाही. झाकणावर हात ठेवून नुसता उभा राहिला. मला वाटलं, आता हा जाईल आणि आईला उचलून आणेल. उमाला पण तेच वाटलं असेल, ती मागे येऊन म्हणाली, "आत्यांना इथं आणूया का? आपण दोघं धरू. बसून होईल त्यांचं."

"नको," हिरामण म्हणाला.

"का नको? अजून तुमचं ते रिसेलच चाललंय का? आई मोडून पडली तिकडे!"

"नको म्हणतो ना!"

"पण का नको? कारण तर सांगा!"

त्याने कारण सांगितलं नाही. कुलूप लावलं आणि गेला. दाराबाहेर तो नाक ओढत होता. मला त्याचा राग आला. आणि त्याच्यापेक्षा जास्त त्या रिशेलचा आला. कसला माणूस हा, म्हटलं, स्वतः येत नाही आणि दुसऱ्याला बसू देत नाही!

पुढे वर्षभराने एक सिंधी बिल्डर आला. सफेद सफारी, हसरा, घामाघूम, हातात रुमाल. विठ्ठलवाडीकडे त्याच्या दोन बिल्डिंगी झाल्या होत्या. शंकररावाने नेहमीसारखं कुलूप उघडायला लावलं. "सेठ, इधर देखो, दूसरा बाथरूम! एकदम कोरा!"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बनूबाईचा आवाज आला. बारीक झाला होता खूप. "आला का रं रिशेल?"

"क्या बोल रही है माई?" बिल्डर म्हणाला.

"बस बाबा," ती म्हणाली. "बस तू. तुज्यासाठीच ठेवलंय. कुनी सुदिक बसलं न्हाय."

बिल्डरला मराठी येत होती थोडी, इथलाच तो. हसला. "माई, मला काय करायचं संडासला? मैं तो पूरा घर तोडणार. मेरे को जमीन पाहिजे. संडास एक हो, दस हो, अपने को क्या!"

शंकररावाच्या तोंडातलं पान थांबलं.

मग बिल्डरने आत डोकावून बनूबाईची बाज बघितली, बाजेखालचं भांडं बघितलं, आणि त्याचं हसू गेलं. "अरे भाई," तो हिरामणला म्हणाला, "इतना अच्छा रखा है और माई नीचे भांडे में? वापरू द्या ना तिला! मैं कौनसा बैठनेवाला हूँ इस पर?"

हिरामण हातातलं कुलूप फिरवत राहिला. स्टोव्ह तेवढा आवाज करत होता.

"मंजी," बनूबाई म्हणाली, "ह्यो रिशेल न्हाय?"

उमा तिच्याजवळ बसली. "रिशेल कोणी नाही, आत्या. रिसेल म्हणजे विकणं. घर विकणं. माणूस नाही तो."

बनूबाईने वर पत्र्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मग माजी पडवी मी दिली कुनाला?"

भिंतीपलीकडे मी होतो. मला वाटलं, मला तडा जावा.

घर गेलं. ती लोकं बदलापूरला निघाली, तेव्हा बनूबाईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी उचललं. माझ्या दारापाशी ती म्हणाली, "थांबा वाईच." आत माझ्याकडे बघितलं. "जाते रं," म्हणाली. "तू काय करनार? तुला बी कुनी इचारलं न्हाय." उमा मागून सामान आणत होती, तिने मदतीला आलेल्या धोंडिबाला हळूच सांगितलं ते मी ऐकलं. बदलापूरचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. आणि तिथला संडास खाली बसायचा होता.

मग तोडायला माणसं आली. टाइल्स फोडल्या, भिंत पाडली आणि दोघांनी मला उचललं. उचलल्यावर एक जण जोरात हसला. "अरे देखो! इसका तो कनेक्शनच नहीं है!"

सगळे जमले. मी खाली बघितलं. माझ्याखाली पाइप नव्हता, मित्रांनो. रेती होती. स्वच्छ, कोरडी रेती.

धोंडिबा आला होता जुने पत्रे न्यायला. तो हसला नाही. "मी सांगितलं होतं हिरामणला," तो म्हणाला. "मागच्या टाकीपर्यंत पाइप टाकू, दोन दिवसांचं काम. तर म्हणाला, दाखवायलाच तर ठेवायचाय, पाइप कोण बघतो?"

तेव्हा मला कळलं पाण्याने डाग का पडायचा. तेव्हा मला हिरामणचं 'नको' कळलं. आणि त्या दिवशी शंकरराव आला नसता, झाकण उघडलं असतं, बनूबाई बसली असती, तरी मी तिच्या काही कामाचा नव्हतो, हे पण कळलं. उमाची एक बादली पडली असती आणि सगळं जमिनीवर आलं असतं. मी संडास नव्हतोच कधी. मी संडासाचा फोटो होतो. आणि कोणी मला सांगितलं पण नाही.

तोडणाऱ्यांच्या टेम्पोत माझ्यासाठी जागा उरली नाही, म्हणून मला इथे मैदानाकडेला टाकून दिलं. झाकण कोणीतरी नेलं. स्टिकर मात्र अजून आहे, बघा, हिरामणच्या डिंकाने चिकटवलेला, निघतच नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे बोलायला लागले की शेवटी सांगतात, आम्हाला जपा, नीट ठेवा, पुसा. मी नाही सांगणार. मला खूप जपलं. माझ्याएवढं त्या घरात कोणालाच जपलं नाही. तुमच्या घरात पण एखादा कप असेल, एखादी चादर असेल, एखादी खोली असेल, कोणीतरी येणार म्हणून ठेवलेली. जाऊन विचारा, कोण येणार आहे? कधी? आणि त्याच्याआधी घरात जे कोणी भिंतीला धरून चालतंय, त्याला विचारा की तुला हवंय का.

तो बघा, बॉल आला धुऊन. चला, खेळा. मला मारा जोरात, माझं काही फुटत नाही.

फक्त एक करा. ज्याची बॅटिंग झाली असेल, जो दमला असेल, त्याने तिकडे मातीत नका बसू. इथे माझ्यावर या. झाकण नाही, थोडं टोचेल. पण बसा ना रे कोणीतरी.